उभ्या पायाचं माप

फार पूर्वी डोंगराळ मुलखातल्या एका लहानशा राज्यात तानूबाई नावाची एक बाई जोडे शिवायची. तिचा हात असा बसलेला होता की जोडा झिजण्याआधी माणूसच म्हातारा होतो, असं लोक म्हणत. बोलायला मात्र ती फटकळ. गिऱ्हाईक सावकार असो की गुराखी, दारात आला की ती आधी म्हणे, "सरळ उभे राहा. दोन्ही पायांवर भार टाका. मग माप."

त्या राज्यात एक रीत होती. वर्षातून एकदा राजानं नवे जोडे घालायचे, खांद्यावर पाण्याची भरली घागर घ्यायची, गड चढायचा आणि वरच्या पहारेकऱ्यांना आपल्या हातानं पाणी पाजायचं. वाटेत तीनशे पायऱ्या, त्याही ओबडधोबड. तरुण राजा गादीवर आल्यापासून दोन वर्षं घागर काही धड वर पोचली नव्हती. दोन्ही वेळा राजा मध्येच अडखळला आणि पाणी पायऱ्यांवर सांडलं. ज्याला घागर सावरत नाही तो राज्य काय सावरणार, अशी कुजबुज सुरू झाली. दिवाणानं सगळा दोष जोडे शिवणाऱ्यांवर ढकलला. दोघा कारागिरांची दरबारातली चाकरी गेली.

तिसऱ्या वर्षी तानूबाईला बोलावणं आलं.

"यंदा पाणी सांडलं तर तुला गाव सोडावं लागेल, बाई," दिवाणानं बजावलं.

तानूबाईचं घर त्या गावात, दुकान त्या गावात, सगळा जन्म त्या गावात गेलेला. पण काम हातातलं होतं आणि स्वतःच्या हातांवर तिचा भरवसा होता. "बरं," ती म्हणाली, "माप घ्यायला कधी येऊ?"

दुसऱ्या दिवशी ती दरबारात गेली. राजा सिंहासनावर बसला होता आणि त्याचे पाय मखमली चौरंगावर ठेवलेले होते. पाचही बोटं एकमेकांना बिलगून आरामात पहुडली होती. तानूबाईनं ती क्षणभर पाहिली आणि मापाची सुतळी पुन्हा पिशवीत टाकली.

"महाराज, उभं राहावं लागेल."

दिवाण ताडकन उठला. "जोडे शिवणारीसमोर राजानं उभं राहायचं? महाराज सिंहासनावरून उठतात ते फक्त गुरुजींसाठी आणि आईसाहेबांसाठी!"

"मग माप घ्यायला आईसाहेबांनाच बोलवा," तानूबाई म्हणाली.

दिवाण तिच्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कशाला हट्ट करतेस? बसल्या पायाचं माप घे, बोटभर वाढव आणि मोकळी हो. आधीच्या दोघांनीही तेच केलं."

"म्हणूनच पाणी सांडलं," तानूबाईनं मात्र आवाज खाली आणला नाही. "रुंदी तीच ठेवून नुसती लांबी वाढवली की पाय आत सरकतो आणि बोटं पुढं आवळलेली ती आवळलेलीच राहतात. दिवाणजी, गाव सोडायचंच असेल तर सोडीन, पण चुकीचा जोडा शिवून सोडणार नाही."

राजानं हे ऐकलं. त्याला राग येण्याआधी नवल वाटलं. "उभं राहिल्यानं पाय वाढतो की काय, बाई?"

"वाढतो, महाराज. थोडी ओली माती मागवा आणि मला दिवाणजींचा पाय द्या."

फरशीवर मातीचा थर अंथरला. दिवाणानं कुरकुरत, बसल्या बसल्या त्यात पाऊल ठेवलं. ठसा उमटला तो अरुंद, आणि करंगळीची तर नुसती टिकली. मग तानूबाईनं त्याला शेजारीच उभं केलं. या वेळी पाचही बोटं फाकली आणि करंगळी चांगली अर्धं बोट बाहेर सरकली.

"अंगठ्यात हाडं दोनच, पण जाड. पाऊल पुढं ढकलायचं काम त्याचं," तानूबाई ठशावर बोट ठेवत सांगू लागली. "बाकीची बोटं वाकून जमीन धरतात. ही करंगळी कडेला राहून तोल सावरते. अंगावर भार आला की सगळी आपापली जागा मागतात. जोड्यानं ती दिली नाही तर माणूस पडणारच."

"एवढीशी बोटं, आणि त्यांचा एवढा थाट?" राजा हसला.

"खरं वाटत नसेल तर पाचही बोटं वर उचला आणि जरा पुढं झुका."

राजा तरुण होता आणि त्याला गंमत वाटली. तो उठला, बोटं उचलली, पुढं झुकला आणि असा भेलकांडला की दिवाणाचा खांदा धरला म्हणून वाचला. दरबारी धावले. कुणी सिंहासन जवळ ओढलं, कुणी चौरंग.

"थांबा," राजा म्हणाला. त्यानं बोटं जमिनीवर टेकवली, दोन्ही पायांवर नीट भार टाकला आणि तसाच उभा राहिला. "घ्या माप, बाई."

जोडे तयार झाले तेव्हा त्यांची रुंद तोंडं पाहून दरबारी गालात हसले. "बदकाचे पाय!" दिवाण म्हणाला. तानूबाईनं ते कानाआड केलं.

गड चढायच्या दिवशी सगळा गाव पायथ्याशी जमला होता. राजानं घागर खांद्यावर घेतली आणि चढू लागला. गेली दोन वर्षं जिथं पाणी सांडलं होतं, त्याच उंच पायरीवर खालचा खडा निसटला आणि राजा एका अंगाला कलला. पण जोड्याच्या आत बोटं पसरली, वाकली, त्यांनी दगड धरला. घागर हिंदकळली, पाणी काठापर्यंत आलं आणि माघारी गेलं. राजा पुढची पायरी चढला.

त्या दिवशी पहारेकरी राजाच्या हातचं पाणी पोटभर प्यायले.

खाली आल्यावर राजा थेट तानूबाईपाशी आला. "आधीच्या कारागिरांनी मला उभं राहायला का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर राहिला असता का, महाराज?"

राजानं बराच विचार केला. "नसतो राहिलो," तो म्हणाला, आणि त्याची मान खाली गेली.

चार दिवसांनी त्या दोघा कारागिरांना मानानं बोलावून घेतलं. ते भीत भीत दरबारात शिरले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच राजा सिंहासनावरून उठून उभा राहिला होता.

तात्पर्य: आपला भार जे पेलतात, त्यांतल्या करंगळीएवढ्यालाही पुरेशी जागा द्यावी, आणि ती किती लागते हे कळायला आधी आसन सोडून उभं राहावं.