चुलीपुढं बसलेली थंडी

एकदा काय झालं, थंडी आली आणि जाईचना.

आधी पाय आत घ्या बघू गोधडीच्या. हं. हर्षू, तायडीची उशी ओढू नकोस. आता ऐका.

दरवर्षी कशी असते थंडी? दिवाळी झाली की येते, संक्रांतीला तिळगूळ खाते आणि होळीच्या सुमाराला आपलं गाठोडं उचलून निघून जाते. त्या वर्षी संक्रांत गेली, महाशिवरात्र गेली, होळीसुद्धा पेटून विझली, तरी थंडी आपली जागची हलेना. आंब्याला मोहोर नाही. कोंबड्या अंडी घालीनात. सकाळी विहिरीत कळशी सोडली की खण्ण असा आवाज यायचा. पाण्यावर बर्फ, बरं का!

मग लोकांनी काय केलं? गावोगाव शेकोट्या पेटवल्या. लाकडं संपली, थंडी गेली नाही. मग राजानं किल्ल्यावरून तोफा डागल्या. दारूगोळा संपला, थंडी गेली नाही. मग राजा चिडला आणि त्यानं दवंडी पिटवली, की थंडीनं उद्या सूर्य उगवायच्या आत राज्य सोडून चालतं व्हावं. आता थंडी काय राजाच्या पगारावर होती? ती राहिली तिथंच. उलट दवंडीवाल्यालाच पडसं झालं.

त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात हौसाक्का राहायची. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. तिनं रश्श्याला फोडणी दिली की वास सगळ्या आळीत जायचा आणि घरोघरी पोरं आपलं ताट बाजूला सरकवून बसायची. हौसाक्काची लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगी झाली. एवढीशी, मुठी घट्ट मिटलेली.

पण त्या थंडीनं शेवंताचं दूध आटलं. बाळ चोखायचं, दमायचं आणि रडायचं. मग त्याचं रडणंही कमी झालं. बोटं निळी पडायला लागली. हौसाक्कानं पुष्कळ पोरं न्हाऊमाखू घातली होती. रडणाऱ्या बाळाला ती भ्यायची नाही. हे गप्प झालं तेव्हा मात्र ती भ्याली. राज्य गारठू दे, राजा गारठू दे, तिला त्याचं काही नव्हतं. तिला तेवढं बाळ जगवायचं होतं.

आता बाळंतिणीला दूध यायला काय लागतं? अळणी लागतं. अळणी म्हणजे काय? मटणाला आलं-लसूण, हळद, मीठ लावून ते नुसतं शिजवायचं, आणि तिखट घालायच्या आधी वरचं पाणी काढून घ्यायचं. ते अळणी. मीठ असतंच त्यात, नाव आपलं तसं. घरातलं जे सगळ्यात अशक्त माणूस असेल, त्याला ते पहिलं द्यायचं. लहान पोर, आजारी, बाळंतीण, दात पडलेली म्हातारी. त्यांचं झालं की मग मसाला, मग बाकीच्यांचं पोट. हौसाक्काच्या घरात हा नेम तिच्या सासूच्या सासूपासून चालत आला होता.

त्याच आठवड्यात गावात बकरं पडलं. शेवटचंच. वाटे घातले आणि हौसाक्कानं आपला वाटा पदराखाली घरी आणला. त्याचे तिनं तीन भाग केले. एक भाग मऊ मटणाचा, एक चरबीचा, आणि एक नुसत्या हाडांचा.

पहिल्या दिवशी दिवेलागणीला तिनं मऊ मटण चुलीवर चढवलं. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि झाकणात पाणी ओतलं. असं का, तर मटणात गार पाणी कधी घालायचं नाही, ते आखडतं. झाकणातलं तापलेलं पाणीच घालायचं. एवढ्यात दार वाजलं. दारात एक म्हातारी. अंगावर पांढरं लुगडं, काखेत गाठोडं.

म्हणाली, "पोरी, जरा चुलीपाशी बसू दे गं."

दिवेलागणीला दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? हौसाक्का म्हणाली, "बस की. पर लांब बस, माझी लेक बाळंतीण हाय."

म्हातारी बसली. आणि बसली तशी चूल मंदावली. हौसाक्कानं फुंकणीनं फुंकलं, गवऱ्या सारल्या, डोळे लाल करून घेतले. जाळ काही चढेना. झाकणातलं पाणी बघते तर काय, त्याचा बर्फ! मटण अर्धं कच्चंच आखडून वाया गेलं, त्याचं पाणी काही उतरलं नाही. शेवंतानं कोमट हळदीचं पाणी पिऊन रात्र काढली.

सकाळी हौसाक्का अंगणात गेली. म्हातारी जिथं जिथं पाय ठेवून आली होती तिथं तिथं गोठलेल्या दहिवराचे पांढरे ठसे. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही म्हातारी म्हणजे थंडी! जिला सगळं राज्य हाकलतंय ती तिच्याच चुलीपुढं फतकल मारून बसली होती.

हौसाक्कानं सरळ पाटलाचं घर गाठलं. पाटील घोंगडीत गुंडाळून बसला होता, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर.

"त्यात काय हौसाक्का," तो म्हणाला, "असं तिखट चार म्हातारीला, की पळता भुई थोडी झाली पायजे."

मग दुसऱ्या दिवशी हौसाक्कानं चरबीचं मटण चढवलं. पाट्यावर सुकं खोबरं, भाजलेला कांदा, धणे, मिरी, लवंगा आणि मिरच्या, मिरच्या, मिरच्या. वरवंट्याखाली वैऱ्याचे दात घालून वाटावेत तसं तिनं वाटलं, इतकी ती रागावली होती. रस्सा होईपर्यंत म्हातारीला तिनं सोप्यावरच बसवलं. मटण शिजलं. आणि रागाच्या भरात तिनं वाटणाचा सगळा गोळा पातेल्यात टाकला. टाकल्यावर तिचा हात तोंडाशी गेला.

अळणी काढायचं राहिलं होतं.

आता काय करणार? रस्सा लालभडक झाला होता. तिनं वाडगा भरून म्हातारीपुढं आदळला. म्हातारीनं बिचारीनं एक घोट घेतला आणि तिला असा ठसका लागला, असा ठसका लागला, की डोळ्यांतून टपटप गारा पडल्या. ती घाबरली. घाबरलेलं माणूस काय करतं? हाताला लागेल ते धरतं. तिनं घराची मेढ, म्हणजे मधला खांब, दोन्ही हातांनी कवटाळली. मेढ गारठली, वरचं आढं गारठलं, सगळं घर करकरायला लागलं. आणि शेवंताला त्या तिखटातलं थेंबभरसुद्धा देता येईना. बाळानं त्या संध्याकाळी तोंडच उघडलं नाही. हौसाक्का पदरात तोंड घालून रडली. चूक तिचीच होती, आणि फटकळ माणसाला स्वतःवर ओरडता येत नाही.

झोपलीस का गं तायडे? नाही? मग ऐक, थोडंच राहिलंय.

तिसऱ्या दिवशी राहिली काय, नुसती हाडं. नुसत्या हाडांच्या रश्श्याला दाटपणा कसा यायचा? परसातली टोमॅटोची झाडं तर दहिवरानं केव्हाच काळी पडली होती. पण हौसाक्का मूळची धोरणी. झाडं जळायच्या आधी तिनं सगळे हिरवे टोमॅटो तोडून भाताच्या पेंढ्यात पुरून ठेवले होते. तिनं पेंढा उकरला. आत लालबुंद टोमॅटो, सुरकुतलेले पण लालबुंद. ते तिनं निखाऱ्यात भाजायला घातले आणि हाडं चढवली.

म्हातारी सरकत सरकत चुलीपाशी आली. हौसाक्कात भांडायचं बळ राहिलं नव्हतं. चूल मंदच जळत होती. खूप वेळानं हाडांनी कुठं थोडंसं पाणी सोडलं. तिनं ते लगेच काढून घेतलं, आज विसरली नाही. जेमतेम एक वाटी अळणी भरलं.

वाटी घेऊन ती शेवंताच्या बाजेकडे निघाली. जाता जाता तिची नजर म्हातारीच्या हातांवर गेली. म्हातारी चुलीवर हात शेकत होती. बोटं निळी. मुठी मिटलेल्या, उघडता येईनात अशा. अगदी बाळासारख्या.

"आगं बया!" हौसाक्का म्हणाली. "थंडीलाच थंडी वाजतीया!"

म्हातारीनं मान हलवली.

"मग तू जात का न्हाईस गं तुझ्या घरी?"

"कशी जाऊ पोरी? औंदा डोंगरावर लई दिस बसले. गुडघं धरलं. तुझ्या दारापतूर कशीबशी आले, आता उठायला गेलं की पडतीया. जिथं जाते तिथं कोण जाळ घेऊन अंगावर येतंय, कोण तोफा उडवतंय. बस म्हणाली ती तू एकटीच."

हौसाक्का वाटी घेऊन मधेच उभी राहिली. इकडे लेक, तिकडे थंडी. वाटी एकच.

शेवंता बाजेवरून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आई, नेम काय हाय आपला? पयली वाटी कुणाला?"

"सगळ्यात अशक्त असंल त्याला," हौसाक्का म्हणाली. "आणि ती तू हायेस. गप पड."

शेवंता गप पडली नाही. तिनं बाळाला छातीशी धरलं, बाजेच्या काठाला हात टेकला आणि थरथरत का होईना, उभी राहिली.

"बघ," ती म्हणाली. "मला उठता येतंय. त्यांना येत न्हाई."

हौसाक्काला राग आला. लेकीचा आला, थंडीचा आला, सासूच्या सासूचाही आला. डोळे भरून आले. पण नेम तो नेम. ती म्हातारीपुढं बसली, आणि म्हातारीच्या मुठी उघडत नव्हत्या म्हणून तिनं स्वतःच्या हातानं वाटी तिच्या ओठांना लावली.

"पी आजी. सावकाश. आज तिखट न्हाई."

पहिला घोट गेला आणि म्हातारीचे गुडघे कट्टकन वाजले. दुसरा गेला, तिच्या कानांच्या पाळ्या गुलाबी झाल्या. तिसरा गेला आणि तिच्या मुठी उघडल्या.

त्यासरशी चूल भक्कन पेटली! पेटणारच की. तिची ऊब ओढून घेणारं कोणी राहिलं नव्हतं. झाकणावरचा बर्फ वितळला, पाणी खळखळलं. हौसाक्कानं ते कढत पाणी हाडांवर ओतलं आणि जाळ वाढवला. आतापर्यंत हाडं नुसती भिजत पडली होती, आता कुठं शिजायला लागली. नळ्यांमधला मगज उतरला. पाण्यावर सोन्यासारखा तवंग आला. दुसरं अळणी निघालं, पहिल्यापेक्षा दाट, आणि शेवंतानं ते दोन वाट्या प्यायलं.

मग हौसाक्कानं पदर खोचला. निखाऱ्यातले टोमॅटो काढले, काळी सालं सोलली, हातानं कुस्करून पातेल्यात घातले. वर मसाला, या वेळी बेताचा. रटरट रटरट रस्सा उकळला. आंबट, तिखट, दाट. वासानं पाटील घोंगडीसकट दारात आला आणि त्याला पण वाडगा मिळाला, सल्ला चुकला होता तरी. म्हातारीनं भाकरी कुस्करून खाल्ली, वाडगा बोटानं पुसून खाल्ला. तिच्या कपाळावर घाम आला. थंडीच्या कपाळावर घाम, कुणी बघितलाय कधी?

मग ती हळूच उठली. मेढीला न धरता उठली. गाठोडं काखेत मारलं. बाळाकडं लांबूनच बघितलं. आपला हात त्याला लागू नये म्हणून तिनं तो लुगड्यात लपवला.

"येते गं पोरी," ती म्हणाली.

"ये," हौसाक्का म्हणाली. "पर दिवाळी झाल्यावर ये. आणि होळीच्या आत ऊठ म्हणजे ऊठ."

म्हातारी डोंगर चढून पलीकडे गेली. पहाटे आंब्याच्या झाडाखाली वास सुटला, मोहोराचा. हौसाक्का चुलीपाशीच बसल्या बसल्या डुलकत होती. एकदम घरात किंचाळी उठली. ती दचकून धावली. बघते तर बाळानं मुठी उघडल्या होत्या, बोटं लाल झाली होती आणि ते घर डोक्यावर घेऊन रडत होतं. शेवंताचा पदर दुधानं भिजला होता.

"रड गं माझी बाय," हौसाक्का म्हणाली, आणि स्वतःही रडायला लागली. "रड. जोरात रड."

राजाला वाटलं, आपल्या हुकमामुळंच थंडी गेली. वाटू दे.

मग बाळ दूध पिऊन गुटगुटीत झालं, शेवंता सासरी गेली, आणि दरवर्षी थंडी पडली की हौसाक्का पहिल्या संध्याकाळी एक वाटी अळणी उंबऱ्यावर ठेवायला लागली. सकाळी वाटी रिकामी असायची आणि पायरीवर पांढरे ठसे. होळीच्या आत थंडी न सांगता उठायची. सगळी सुखानं राहिली.

आज तुम्हाला आधी अळणी दिलं आणि तुमचा बाबा ताट घेऊन ताटकळला, ते एवढ्यासाठी. आता पोट भरलंय, पाय गरम झालेत. उंबऱ्यावरची वाटी मी ठेवून आले आहे, कुणी बघायला उठायचं नाही. डोळे मिटा.