साठ घोडे खाली बसले

जर्मन देशात आल्बाख नावाचे चिमुकले गाव होते. तिथल्या चर्चमध्ये ऑडविन महाराज नावाचे साधू राहत; गाव त्यांना बाबा म्हणे. गावकरी पेरणीचे बियाणे चर्चमध्येच, वेदीमागच्या कणगीत ठेवत. महाराजांच्या डोळ्यांदेखत त्याला कोण हात लावणार? राखणीला एबो नावाचा म्हातारा नांगरकरी होता.

त्या प्रांताचे ड्यूक, म्हणजे राजाच्या वतीने मुलूख सांभाळणारे मोठे सरदार, हार्टमुंड. त्या काळी ड्यूकला एक राजधानी नसे. बारा महिने साठ घोडेस्वारांनिशी गावोगाव फिरायचे, न्याय करायचा आणि गावाने घोड्यांना दाणावैरण पुरवायची, असा रिवाज. वीस वर्षे हिंडून हार्टमुंड पार थकले होते. पण एका जागी थांबलो तर मुलूख हातचा जाईल, ही धास्ती काही सुटत नव्हती.

पेरणीच्या तोंडावर ते आल्बाखला आले. गावात दाणा उरला नव्हता. शिपायांनी चर्चमध्ये शिरून कणगी उघडली.

एबो आडवा आला. "मालक, एवढं बी गेलं तर औंदा गाव उपाशी मरंल. हे बाबांच्या भरवशावर ठेवलंय."

"मग तुझ्या बाबांना सांग, दगड पेरा म्हणावं," ड्यूक हसून म्हणाले. शिपायांनी म्हाताऱ्याला बाजूला ढकलले.

कणगीतल्या सातूने घोड्यांपुढच्या द्रोणी, म्हणजे दाणा घालायची लाकडी पात्रे, भरल्या. काठी टेकत महाराज आले. द्रोणींकडे त्यांनी पाहिलेही नाही. घोड्यांमधून फिरत ते एकेकाच्या मानेवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत राहिले. आणि काय सांगावे! दिवसभर उपाशी असलेल्या त्या जनावरांनी दाण्याला तोंड लावले नाही. एकामागून एक साठही घोडे जमिनीवर बसले. ड्यूकांचा म्हातारा घोडा तर मान टाकून झोपला. बारा वर्षांत त्याला असे झोपलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"काय मंत्र घातलात?" ड्यूकांनी विचारले.

महाराज म्हणाले, "मंत्र कसला, बाळा? दमलास, बस जरा, एवढंच म्हटलं. त्यांना हे कुणी म्हटलंच नव्हतं."

 हार्टमुंडांनी एका द्रोणीतला सातू स्वतः पोत्यात भरला, खांद्यावर घेतला आणि कणगीत नेऊन ओतला. ते पाहून शिपायांनीही उरलेल्या द्रोणी कणगीत रिकाम्या केल्या. ड्यूकांनी एबोपुढे मान झुकवली. मग महाराजांच्या पायांवर डोके ठेवून ते म्हणाले, "बाबा, मलाही बसायला सांगा."