दोन किनाऱ्यांचा रुसवा

माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी समुद्राकाठी एक थोरली शिळा रुसून बसली होती. धाकटी बहीण न सांगता निघून गेली, हे तिचं जुनं दुखणं.

एकदा सुरय पक्षी तिच्यावर टेकला आणि दचकला. "अगं, समुद्रापल्याड हुबेहूब अशीच एक शिळा आहे! तुझा तांबडा पट्टा इथं तुटतो, तो तिच्या अंगावर पुढे सुरू होतो. पोटातला शिंपलाही हाच, गोड्या पाण्यातला. तो खारा समुद्र ओलांडेल कसा?"

"तीच ती!" थोरली फणकारली. "टाकून गेली मला."

"पण ती तर म्हणते, ताईच मला टाकून गेली. अजून रडते."

थोरली चपापली. "मी जागची हललेसुद्धा नाही!"

तेव्हा खालची जमीन ओशाळून म्हणाली, "तुम्ही कुणीच गेला नाहीत गं. मीच दुभंगले आणि तुम्हाला कडेवर घेऊन दोन दिशांना चालत राहिले. पाखराचं नख वाढावं इतकी सावकाश. तुम्हाला कळणार कसं?"

थोरलीच्या छातीवरचं ओझंच उतरलं. सुरय उडायला लागला, तशी ती घाईनं म्हणाली, "तिला म्हणावं, रडू नकोस. पृथ्वी गोल आहे. अशाच लांब जात राहिलो, तर पलीकडून भेटूच."