निम्मं म्हंजे निम्मं

एका गावात दोन शेतकरी होते आणि दोघांचे मिळून दोनच बैल होते. निवृत्ती शेळक्यांचा चांद्या आणि गंगाराम ढवळ्यांचा तांब्या. पेरणीची पाभर एका बैलाने चालत नाही, म्हणून दोघांनी आपापला बैल देऊन वारंगुळा केला होता. जोडी दोघांची, पेरणी दोघांची. गावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे देवकते सर दर वर्षी पोरांना हेच उदाहरण देत. दोन अणू एकेक इलेक्ट्रॉन देतात, ती जोडी दोघांच्या मालकीची होते, तोच सहसंयुज बंध. पोरं माना डोलवत आणि पेपरात भलतंच लिहीत.

त्या साली ज्वारीच्या पेरणीला छान वापसा आला. पेरणीजोगी ही ओल टिकणार होती जेमतेम आठ दिवस. नेमकं तेव्हाच, रणरणत्या उन्हात, दोघांचं वाजलं. आधी कोणाचं रान पेरायचं? बस्स, एवढ्यावरून! शेवटी सर मध्ये पडले.

"हे बघा, बंध दोन तऱ्हांनी तुटतो. एक म्हणजे, दोन्ही इलेक्ट्रॉन एकानेच न्यायचे, दुसऱ्याने रिकामं राहायचं. त्यात कोणाकडे जास्त आणि कोणाला कमी हे उघड असतं, म्हणून दोघांना एकमेकांची ओढ राहते. निवृत्तीअण्णा, चार दिवस दोन्ही बैल तुम्ही न्या. पुढचे चार दिवस गंगाराम नेतील."

"आन् तवर म्या काय माशा मारू?" गंगाराम उसळला. "माझा बैल मला द्या."

"निम्मं म्हंजे निम्मं," आपला चांद्याही नंतर चार दिवस गंगारामकडे जाणार हे ऐकून निवृत्तीही म्हणाला.

सरांनी कपाळाला हात लावला. "ही दुसरी तऱ्हा. ज्याचा एक त्याला एक. पण असा एकटा इलेक्ट्रॉन घेऊन सुटलेला अणू फार वाईट, बाबांनो. तो दुसऱ्यांच्या जोड्या फोडत हिंडतो."

पण ऐकतो कोण? एकाचा जोर जास्त असता तर त्याने दोन्ही बैल ओढून नेले असते. इथे दोघेही सारखेच हट्टी, म्हणून जोडी बरोबर मधोमध तुटली.

गावात बहुतेकांचे वारंगुळेच होते. निवृत्तीने गोड बोलून शेजारच्या भानुदासाचा बैल आपल्या जोडीला फोडून आणला. भानुदासाचा भागीदार एकटा पडला, तो तिसऱ्याची जोडी मोडायला गेला. तिकडे गंगारामनेही तेच केलं. सकाळी जमलेली जोडी संध्याकाळी तुटू लागली. सारं गाव कासरा हातात घेऊन पळत होतं आणि पेरत कोणीच नव्हतं.

आठव्या दिवशी बांधावर निवृत्ती आणि गंगाराम समोरासमोर आले. दोघांकडे पुन्हा एकेकच बैल. मुकाट्याने त्यांनी चांद्या-तांब्याच्या मानेवर जू ठेवलं. जोड्या फोडायची साखळी तिथे थांबली. पण पाभरीचे फण जमिनीत शिरेनात. ओल उडून गेली होती.

"सर, आता काय वो?" बांधावर येऊन उभ्या राहिलेल्या सरांना गंगारामने रडवेल्या आवाजात विचारलं.

"आता हे पडीक रान घ्या वाटून," सर म्हणाले. "निम्मं म्हंजे निम्मं."

तात्पर्य: वाटणी सारखी झाली म्हणजे ती शहाणपणाची झाली असं नाही, हट्टाने आपलं निम्मं घेऊन निघालेला माणूस दुसऱ्याचं अख्खं मोडतो, आणि स्वतः मात्र अर्धाच राहतो.