पाच बोटांवरच्या रासबेऱ्या

“...मग मधातून देऊ की सायीतून? एवढंच सांगा ना, तात्या!”

तात्या वैद्य कुंपणापाशी रासबेऱ्या तोडत होते. मागे वही घेऊन उभ्या असलेल्या हेरंबाकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

हेरंब सहा वर्षं त्यांच्याकडे शिकत होता. आता त्याला वाईला स्वतःचा दवाखाना काढायचा होता. तात्यांनी एकच अट घातली होती. त्यांच्या थोरल्या बहिणीचा, गंगूआक्काचा, ताप उतरला होता, पण अन्नावरची वासना उडाली होती. आठ दिवस नुसते पेजेचे दोन-दोन घोट.

“तिला खाती कर, मग खुशाल जा,” तात्या म्हणाले होते.

हेरंबाने कंबर कसली. तोंडाला चव यावी म्हणून रासबेऱ्या दह्यात कालवून दिल्या, त्यांचं सरबत केलं, पाक केला. प्रत्येक वाटीबरोबर व्याख्यान होतंच. यात क जीवनसत्त्व आहे, चोथा आहे, पोट साफ राहतं... आक्का सगळं ऐकून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

आज मात्र त्याला वाईचं काही वाटत नव्हतं. त्याला भीती वाटत होती. सहा वर्षं याच बाईने त्याला गरम भाकरी वाढली होती.

“तुला कशातून आवडते?” तात्यांनी विचारलं.

“मला?... मी कधी खाल्लीच नाही. औषधाची म्हणून हात लावला नाही.”

तात्या वळले.

मग त्यांनी त्याचा उजवा हात धरला. रासबेरी आतून पोकळ असते. त्यांनी एकेक फळ त्याच्या एकेका बोटावर टोपीसारखं बसवलं.

“जा आत.”

असा हात घेऊन हेरंब खाटेपाशी बसला. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकही गुण आठवेना. काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने अंगठ्यावरची तोंडात टाकली.

आंबट! डोळे मिटले. रस हनुवटीवर ओघळला.

“अरे वेड्या...” आक्काचा आवाज आला. “करंगळीपासून सुरुवात करायची असते. इतकंही शिकवलं नाही का तात्याने?”

तिने त्याचं मनगट धरून हात जवळ ओढला. करंगळीवरची खाल्ली. थांबली. मग शेजारच्या बोटावरची.

“दूध आहे का रे घरात?”

हेरंब धावतच बाहेर आला. डोळे भरून आले होते, तरी सवयीने वही उघडलीच.

“तात्या, खाल्ल्या! दूध मागतेय! आता लिहू काय? कशातून दिल्या म्हणून लिहू?”

तात्यांनी वही मिटली.

हेरंब ओशाळला. हनुवटीवरचा रस पुसायला त्याने उपरण्याचं टोक तोंडाकडे नेलं.

“पुसू नकोस,” तात्या म्हणाले. “वाईला असाच जा.”