पोपटाचं थंडगार पाणी

“पाणी तू स्वतः पाहिलंस का, एवढंच सांग!” हरिणी मान वर करून पुन्हा पुन्हा विचारत होती.

“हरिणीबाई, आवाज चढवू नका,” फांदीवरचा पोपट म्हणाला. “पाण्याविषयी माझ्याइतकं या जंगलात कोणी बोलत नाही.”

“बोलतोस ते ऐकतेय रे मेल्या! पाहिलंस का, ते विचारतेय. माझं पाडस सकाळी कळपाची पाठ सोडून तुमचं ऐकत पाण्याला गेलं, ते अजून परतलं नाही. कुठं धाडलंत त्याला?”

मुलांनो, ज्या जंगलात हे भांडण जुंपलं होतं, तिथले पाणवठे त्या उन्हाळ्यात एकामागून एक आटत चालले होते. जंगलाच्या मधोमध वाटा एकत्र येत, तिथल्या मोहाच्या झाडावर एक म्हातारा वानर बसून असे. कोणाला काही हवं असलं की त्यानं वानराला विचारायचं. वानर जागचा हलत नसे. तो नुसता कान द्यायचा आणि ज्या झाडावरून त्या गोष्टीचा पुकारा सगळ्यांत जास्त ऐकू येईल, त्या झाडाकडे बोट दाखवायचा. तिथं जाऊन ऐकणाऱ्यानं सांगणाऱ्यापुढं एखादं फळ ठेवायचं, अशी तिथली रीत.

पोपटाला या रीतीतली फट बरोबर सापडली. पाणी शोधत पंख झिजवायचे कशाला? त्याच्या नावानं नुसतं ओरडलं की झालं! त्यानं साळुंकीला हाताशी धरलं, बुलबुलाला धरलं, एकेकाला एकेक झाड वाटून दिलं. मग सकाळपासून सगळ्या झाडांवरून एकच गजर सुरू : “थंडगार पाणी हवंय? उन्हाळ्यात थंडगार पाणी कुठं मिळेल? थंडगार पाण्याविषयी सगळं इथंच ऐका!” तहानलेला जीव झाडाखाली आला की त्याला आधी पाणी म्हणजे काय, मग ते का प्यावं, मग प्यायल्यानं काय होतं, हे सगळं मुकाट ऐकावं लागे. जागेचं नाव अगदी शेवटी. तोवर बिचाऱ्याच्या घशाला कोरड पडे आणि पोपटापुढं करवंदांचा नि टेंभरांचा ढीग वाढे.

“सकाळी मी डोह सांगत होतो,” पोपट आठवून आठवून म्हणाला. “पण तुमचं लेकरू माझ्या झाडाखाली आलं की साळुंकीच्या, कोण जाणे. ती बांबूच्या बनातला झरा सांगते.”

“म्हणजे दोन्हीकडे पाणी आहे तर!” हरिणीच्या जिवात जीव आला.

“तसं नव्हे. काहींना डोह ऐकायला आवडतो, काहींना झरा. दोन्ही ओरडलं की दोन्हींचे येतात.”

हरिणी एकदा इकडे वळली, एकदा तिकडे. डोह उगवतीला, बन मावळतीला. एकीकडे धावावं तर दुसरीकडे लेकराचं काय?

“पाडसाचं तोंड तरी आठवतंय का तुला?”

“तोंडं कोण बघत बसतो? तोंडात काय आणलंय ते बघायचं.”

“बरं, डोहात पाणी आहे हे तुला कोणी सांगितलं?”

“साळुंकीनं.”

“मी?” पलीकडच्या झाडावरून साळुंकी किंचाळली. “अहो, मला तर यानंच सांगितलं!”

आता हरिणीला सगळं उमगलं. इतक्या चोची, इतका गजर, आणि पाणी कोणाच्याच डोळ्यांनी पाहिलेलं नाही! तिनं खुराच्या एका फटक्यात फळांचा ढीग उधळला आणि गरजली, “तू डोह सांगत होतास ना? चल, डोहाकडे हो पुढं! तुला पंख आहेत, तू आधी पोचशील. उड म्हणते ना!”

पोपट कुरकुरत उडाला. हरिणी त्याच्यामागून डोहाच्या वाटेनं सुटली. काटे लागत होते, जीभ टाळ्याला चिकटली होती. मध्येच धुळीत चिमुकल्या खुरांचे ठसे दिसले. वाट बरोबर होती. पण ठसे पुढं जाणारेच होते, परतीचा एकही नव्हता. तिला धड हायसंही वाटेना.

डोहात थेंबभर पाणी नव्हतं. वर वाळून भेगाळलेली खपली आणि खाली नुसता चिखल. मध्यावर पाडस पोटापर्यंत रुतलं होतं. हाक मारायलाही त्याच्यात त्राण उरलं नव्हतं. आईला पाहून त्यानं फक्त कान हलवले. हरिणीनं काठावरची एक वाळकी फांदी डोक्यानं ढकलत ढकलत चिखलात सारली. “बाळा, खूर टेक. टेक म्हणते ना! आणखी थोडं.” पाडस घसरलं, पुन्हा रुतलं, पुन्हा धडपडलं. शेवटी एक पाय फांदीवर चढला, मग दुसरा, आणि ते थरथरत काठावर येऊन आईच्या पोटाशी कोसळलं.

“निघालं की नाही?” पोपटानं पंख झाडले. “उगाच आकांत मांडलात. माझं काही चुकलेलं नाही हो. लोकांना जे ऐकायचं असतं ते मी सांगतो. वानर काय उगाच माझ्याकडे बोट दाखवतो?”

हरिणी लेकराच्या अंगावरचा चिखल चाटत होती. इतक्यात वाटेवर पाचोळा वाजला. पिलं बरोबर घेऊन ससे येत होते, त्यांच्यामागं धापा टाकणारं साळिंदर, त्यामागं आणखी कोण कोण. सगळे झाडांवरचं ऐकूनच निघालेले. सगळ्यांचे डोळे डोहाकडे लागलेले. त्यांना पाहताच पोपटाची चोच सवयीनं उघडली, “या, या! थंडगार पाणी हवंय? थंडगार पाण्याविषयी सगळं...”

हरिणी उठली. सशांच्या पिलांपुढं वाट अडवून उभी राहिली आणि पोपटाकडे वळून म्हणाली, “उतर खाली, आणि सगळ्यांच्या देखत यातलं पाणी आधी तू पी!”

यातलं तात्पर्य पदरात बांधून ठेवा : पुकारा मोठा म्हणून बोल खरा होत नाही, आधी विचारावं, “तू स्वतः पाहिलंस का?” आणि जे आपण पाहिलं नाही, त्याची वाट तहानलेल्याला कधी दाखवू नये.