तांब्याभर शुभ पाणी

काचेच्या टाकीत मासे पाळायची हौस एका गावाला लागली होती. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर चार गावं भांडायला येतील, कारण अशी माणसं चारही गावांत आहेत.

त्या गावात विश्वंभरशेट नावाचा पितळी भांड्यांचा व्यापारी राहत होता. त्याला अहोजाहो करायची माझी इच्छा नाही. का, ते पुढे कळेलच. त्याच्या दिवाणखान्यात चार हात लांब काचेची टाकी होती. तिच्यात आठ सोनेरी मासे आणि नववा काळा. टाकी बसवली अक्षय्य तृतीयेला, आणि त्याच वर्षी शेटच्या मुलीचं लग्न जमलं, दुकानाचा मजलाही चढला. झालं! गावानं ठरवून टाकलं की हे सगळं माशांमुळे झालं.

मासा मेला तरी गावाकडे उत्तर तयार असायचं. ‘घरावर आलेलं संकट माशानं अंगावर घेतलं.’ अहो, मासा पाण्यात राहतो. तुमच्या घरावर काय येणार आहे, हे त्याला कोण सांगायला जातं? मेला म्हणजे त्याला काहीतरी झालं असेल, एवढं तरी विचाराल की नाही? पण नाही. मेलेला मासा तुळशीत पुरायचा, हात जोडायचे आणि नवा आणायचा.

या गावाची आणखी एक रीत होती. कुणाकडे बारसं, मुंज, काही शुभकार्य निघालं की शेटच्या टाकीतलं तांब्याभर पाणी न्यायचं आणि आपल्या टाकीत ओतायचं. दर अक्षय्य तृतीयेला तर सगळं गाव शेटकडे जमायचं. प्रत्येकानं आपल्या टाकीतलं तांब्याभर पाणी शेटच्या टाकीत ओतायचं आणि तिच्यातलं तांब्याभर घरी न्यायचं. शेट दारात उभा राहून नमस्कार घ्यायचा, जसं काही पाणी यानंच निर्माण केलंय!

एका दसऱ्याला शेटनं नवा मासा आणला. विकणारा भला माणूस होता. तो म्हणाला, “शेट, हा वीसेक दिवस वेगळ्या भांड्यात ठेवा. बाहेरून आलाय, पोटात काय घेऊन आलाय सांगता येत नाही.”

“मुहूर्त आजचा आहे,” शेट म्हणाला. “मुहूर्त काय वीस दिवस थांबतो?”

आणि त्यानं मासा थेट टाकीत सोडला.

हिवाळा गेला. चैत्र लागता लागता मासे खंगायला लागले. खायचे, पण अंगाला लागायचं नाही. पाठी बसल्या, पोटं फुगली. मग एक दिवस शेटची बायको सगुणाबाई दाणे टाकायला गेली, तर तीन माशांच्या शेपटीखालून लाल दोऱ्यासारखं काहीतरी लोंबत होतं. तिनं घाबरून शेटला हाक मारली.

शेटनं पाहिलं आणि काय म्हणाला असेल? म्हणाला, “अगं, हा तर लाल धागा! देवानं माशांना रक्षेचा धागा बांधलाय.”

हात टेकले या माणसापुढे! दोन दिवसांत गाव तो धागा बघायला लोटलं. बघून झाल्यावर प्रत्येकानं तांब्याभर पाणी नेलं. त्यात परचुरेबाई पण होत्या.

परचुरेबाई म्हणजे गावातल्या शाळेच्या जुन्या शिक्षिका. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, विश्वंभरशेटसुद्धा चौथीत त्यांच्याच वर्गात होता. आता त्या एकट्या राहायच्या. खिडकीत एक लहानशी टाकी आणि तिच्यात एकच सोनेरी मासा. बाई बोलायला लागल्या की तो काचेला येऊन अगदी पुढे उभा राहायचा, म्हणून त्याचं नाव मॉनिटर. बाई सकाळी त्याला पेपर वाचून दाखवायच्या. हसू नका. एकट्या माणसाला कुणीतरी पुढे येऊन ऐकणारं लागतं.

बाईंनी मोठ्या विश्वासानं आपला तांब्या मॉनिटरच्या टाकीत ओतला.

पुढच्या आठवड्यात शेटचा काळा मासा तळाला जाऊन बसला. सगुणाबाई डोळ्यांना पदर लावून टाकीपाशी बसली होती. तेवढ्यात हौसाबाई आली. ही धनगराची बाई, शेटच्या घरी शेळीचं दूध घालायची. तिनं कमरेत वाकून टाकीत पाहिलं.

“वयनी, ह्यास्नी जंत झाल्यात की!”

“जंत? माशांना?”

“मग? पोट काय तुम्हालाच हाय व्हय? आमची बकरी अशीच करत्यात. खाऊन खाऊन वाळत्यात. ते लोंबतंय त्यो धागा न्हाई, जिवंत किडा हाय. बघा, वळवळतोय.”

सगुणाबाईनं नीट पाहिलं. धागा खरंच वळवळत होता.

हौसाबाई पुढे म्हणाली, “जनावरांच्या डाक्टराकडं जावा. बकऱ्यांचं जंताचं औषध मिळतंय. पर एक ध्यानात ठेवा वयनी. एकट्या बकऱ्याला पाजून भागत न्हाई. अख्खा वाडा पाजावा लागतो. एक जरी ऱ्हायलं, तरी फिरून समद्यास्नी होतंय.”

सगुणाबाई तालुक्याला गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, टाकीची लांबी-रुंदी विचारली आणि औषधाची बाटली हातात ठेवली. किती पाण्याला किती थेंब, ते कागदावर लिहून दिलं. म्हणाले, “टाकीवर कापड टाकून अंधार करा. या औषधानं जंत मरत नाहीत, लुळे पडतात आणि मासा त्यांना बाहेर टाकतो. म्हणून दुसऱ्या दिवशी तळाची घाण नळीनं ओढून काढा आणि बरंचसं पाणी बदला. मागे राहिलेली पिल्लं वाढतात, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा औषध द्या. आणि या टाकीतली कुठलीही वस्तू दुसऱ्या टाकीत जाऊ देऊ नका. पाणीसुद्धा नाही.”

सगुणाबाई घरी आली ती घाबरीघुबरी होऊन. “अहो, सगळ्या गावात आपलं पाणी गेलंय. आधी सगळ्यांना सांगा.”

शेटचं तोंड उतरलं. पण गावाची काळजी वाटून नव्हे हो! “सांगू काय? की माझ्या शुभ टाकीत जंत झाले? देवाचा धागा म्हणून दाखवला तो किडा होता? गाव तोंडात शेण घालील माझ्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, एक अक्षर बोललीस तर!”

आणि सगुणाबाई गप्प बसली. शपथ म्हणे! अशी शपथ ज्यानं घातली त्याचा राग येतोच, पण जिनं पाळली तिचाही येतो मला.

शेटनं दार लावून घेतलं, टाकीवर शालू टाकला आणि गावाला सांगितलं, “माशांचं व्रत आहे, दर्शन बंद.” आत औषध पडलं. दुसऱ्या दिवशी शालू काढला तर तळाला लाल जंतांचा गुंता पडलेला. सगुणाबाईनं तो नळीनं ओढून काढला, पाणी बदललं. चार दिवसांत काळा मासा वर आला आणि दाणे खायला लागला. उरलेली अर्धी बाटली शेटनं कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

इकडे गावात माशांची पोटं फुगायला लागली. ज्याच्या त्याच्या टाकीत लाल धागे दिसायला लागले, आणि लोक कौतुकानं एकमेकांना सांगायला लागले, “आमच्याकडे पण धागा आला!” काय बोलावं? कपाळाला हात लावावा नुसता.

परचुरेबाईंना मात्र कौतुक वाटलं नाही. मॉनिटर काचेला येईनासा झाला होता. बाई पेपर वाचायच्या आणि तो तळाला पडून असायचा. एका दुपारी काठी टेकत त्या शेटच्या घरी आल्या.

“विश्वंभर, तुझा काळा मासा पण असाच झाला होता ना? कसा बरा झाला रे? काही केलंस का?”

बघा आता. कपाट चार पावलांवर. किल्ली कमरेला. विचारणारी त्याला अक्षर शिकवणारी बाई. एवढासा प्रश्न आणि एवढंसं उत्तर.

शेट म्हणाला, “काही नाही बाई. देवाची कृपा.”

सगुणाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ओठ उघडले आणि शेटनं नुसते डोळे वटारले. बाई काठी टेकत परत गेल्या.

तीन दिवसांनी मॉनिटर मेला. शेट समाचाराला गेला होता, निर्लज्ज! वर बाईंना म्हणतो कसा, “वाईट वाटून घेऊ नका बाई. तुमच्यावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं.” बाईंना ते खरं वाटलं. त्यांनी मान हलवली. भल्या माणसाला खोटं पटकन पटतं, कारण समोरचा खोटं बोलेल असं त्याच्या मनातच येत नाही.

अक्षय्य तृतीया उजाडली. शेटच्या दारात तांब्यांची रांग लागली. रांगेत पहिल्या होत्या परचुरेबाई.

“विश्वंभर, माझा मॉनिटर तर गेला. पण माझं संकट घेऊन गेला असं तू म्हणालास. त्याच्या टाकीतलं शेवटचं पाणी आणलंय. तुझ्या टाकीत ओतते, म्हणजे त्याची आठवण राहील.”

शेटच्या तोंडचं पाणी पळालं. ते पाणी पडलं की जंत पुन्हा त्याच्याच टाकीत येणार. आणि ओतू नका म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. मागे तीस माणसं तांबे घेऊन उभी. शेटनं एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा माणसांकडे पाहिलं आणि नमस्कारासाठी हात जोडले. डोळ्यांसमोर आपले मासे मेले तरी चालतील, पण तोंड उघडायचं नाही! असला मान काय चुलीत घालायचाय?

बाईंनी तांब्या कलता केला. तेवढ्यात सगुणाबाई धावत आली आणि तिनं टाकीवर दोन्ही हात आडवे धरले.

“ओतू नका बाई! त्यात जंत आहेत. आमच्याच टाकीतून तुमच्याकडे आलेत. सगळ्यांकडे आमच्याचकडून गेलेत. आम्ही औषध दिलं म्हणून आमचे मासे जगले. देवाची कृपा बिपा काही नव्हती.”

मग तिनं शेटच्या कमरेची किल्ली ओढली, कपाट उघडलं आणि बाटली आणून बाईंच्या समोर धरली.

परचुरेबाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली. मग शाळेत तोंडी गणित घालायच्या तशा शांतपणे त्यांनी विचारलं, “विश्वंभर, मी तुझ्याकडे आले त्या दिवशी हिच्यात किती औषध होतं रे?”

शेट खाली बघून म्हणाला, “एवढंच. अर्धी बाटली.”

“आणि माझ्या टाकीला किती लागलं असतं?”

शेटला उत्तर माहीत होतं. डॉक्टरांचा कागद त्याला पाठ होता. पण त्यानं नजर टाकीकडे वळवली.

“उत्तर दे.”

“चार थेंब, बाई.”

बाईंनी बाटली सगुणाबाईच्या हातात दिली. तांब्यातलं पाणी बाहेर जाऊन मोरीत ओतलं आणि त्या काठी टेकत घरी गेल्या. त्या एक शब्दसुद्धा रागावल्या नाहीत. त्यांच्या वाट्याचं मी रागावतो आहे.

मग मात्र गाव जागं झालं. हौसाबाई ओट्यावर उभी राहून म्हणाली, “एक दिस ठरवा आन् समद्या टाक्यास्नी एकदम औषध घाला. वाडा पाजतो तसं.” तसंच केलं. ठरल्या दिवशी प्रत्येक घरात टाकीवर कापड पडलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरातून लाल गुंते निघाले, ते लोकांनी खड्डा खणून पुरले. तीन आठवड्यांनी पुन्हा औषध दिलं. तांब्याची रीत त्या दिवसापासून बंद झाली. नवा मासा आला की तो आता वीस दिवस वेगळ्या भांड्यात राहतो, मुहूर्त असो वा नसो.

तालुक्याहून नव्या बाटल्या आणून टाक्यांत औषध घालत शेट स्वतः दारोदार फिरला. कुणी आत घेतलं, कुणी हातातून बाटली घेऊन दार लावलं. सगळ्यात शेवटी तो परचुरेबाईंकडे गेला. खिडकीतली टाकी धुऊन पुसून पालथी घातलेली होती. बाई पेपर वाचत होत्या, मनातल्या मनात.

शेट बाटली हातात घेऊन उंबऱ्यात उभा राहिला. म्हणाला, “बाई, औषध आणलंय.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “आता कुणाला घालतोस रे?” एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा वाचायला लागल्या.

लोक म्हणतात, शेट तेव्हापासून सुधारला. सुधारला असेल. मॉनिटरला त्याचा काय उपयोग?

तात्पर्य: आपल्या घरातला रोग अब्रूसाठी झाकणारा माणूस शेजाऱ्याच्या जिवावर उठतो, चूक वेळेवर सांगितली तर चार थेंबांत भागतं, वेळ गेल्यावर अख्खी बाटली नेली तरी ती रिकाम्या टाकीपुढेच धरावी लागते.